मॅटखाली

पायाखालची रबरी मॅट उचलली, तर तिच्याबरोबर स्कूटरचा तळही थोडा वर आला. आधी वाटलं, मॅटला चिकटलेला चिखल असेल. तांबडा, दमट, पापुद्रे सुटलेला. बोटांत चुरडून पाहिला तर तो पत्रा होता. म्हणजे एके काळी होता. ब्रेकच्या मागे, अण्णांची उजवी टाच वर्षानुवर्षं जिथे टेकली, तिथल्या भोकातून मला खालची शहाबादी फरशी दिसत होती.

अण्णा अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत ऊन खात बसले होते. उठले नाहीत, वाकूनही पाहिलं नाही.

"गेलं का?"

"हो."

"केवढं?"

"तळहाताएवढं."

"मग दोन तळहात धर," म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेलो. धड पत्रा खणकन वाजतो. गंजलेला बद्द वाजतो, तडा गेलेल्या माठासारखा. जिथे बद्द वाजलं त्याच्या कडेनं खडूची रेघ मारत गेलो. रेघ फिरून जागेवर आली तेव्हा माझे दोन्ही तळहात तिच्यात आरामात मावले. डावीकडे आणखी चार बोटं निघाली, ती वेगळी.

ही आमची चेतक १९९३ ची. एमएच-१५, म्हणजे नाशिकची. अण्णा तेव्हा ओझरला एचएएलमध्ये, हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये, होते. मिग-२१ लढाऊ विमानं बांधण्यासाठी १९६४ मध्ये उभा राहिलेला कारखाना तो. अण्णांचं खातं रंगाच्या आधीचं. विमानाच्या पत्र्यावरचं तेल, मळ, जुना थर काढायचा आणि तो रंगासाठी तयार करून पुढे द्यायचा. प्रत्यक्ष रंग मारणारे वेगळे. शाळेत असताना मला याचं जरा वाईटच वाटायचं. ‘माझे बाबा विमान रंगवतात’ असं सांगता आलं असतं तर वर्गात भाव वधारला असता. ‘माझे बाबा विमान पुसतात’ हे कुणाला सांगणार?

हिरावाडीतून आडगाव नाका, तिथून आग्रा रोडनं ओझर. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर रोज. निवृत्तीनंतर चेतक मंडईपुरती उरली, मग गुडघ्यांनी तेवढीही ठेवली नाही. २०१४ पासून ती जिन्याखाली कव्हर पांघरून उभी होती. दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण तेवढं करत होतो, ढकलत ढकलत.

गेल्या डिसेंबरात रजा उरली होती म्हणून हे काढलं. आधी एका गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "साहेब, चार दिवसांत नवी करून देतो." चार दिवस ऐकल्यावर अण्णांनी हातातला चहा खाली ठेवला. तो गेल्यावर म्हणाले, "रंगाला चार दिवस बास झाले. पण रंगाच्या आधीचं कोण करणार?" एवढं बोलून माझ्याकडे बघत राहिले. रंगाच्या आधीचं मी करणार हे असं ठरलं. शेवटचा स्प्रे मात्र पेंटरकडेच द्यायचा हे मी माझ्यापुरतं पक्कं केलं होतं. हल्लीच्या पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसात गेलं तर कायमचा दमा लावू शकतं आणि साध्या कापडी मास्कला ते जुमानत नाही. जिन्याखाली बसून करायचं काम नव्हे ते.

दोन दिवस नुसतं सुटं करण्यात गेले. गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्री तेल पाजून ठेवायचं, सकाळी पाना लावायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. तीन बोल्ट तुटले. बाकीचे पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यांत गेले, प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी. इंजिन गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. टाकी आधीच रिकामी करून गच्चीवर नेली होती, कारण पुढे ग्राइंडरच्या ठिणग्या उडणार होत्या.

मग फ्रिजवरचं द्राक्षाच्या घडाचं चुंबक घेतलं (आमच्याकडे आणखी कसलं असणार) आणि ते पत्र्यावरून फिरवत गेलो. धड पत्र्याला ते चिकटतं, पुट्टीवरून घसरतं. डाव्या डिकीवर वीतभर जागेत घसरलं. २०११ मध्ये गाडी एका रिक्षाला घासली होती, तेव्हाच्या गॅरेजवाल्यानं गंज न काढता त्यावरच पुट्टी थापून दिली होती. खरवडल्यावर ती अख्खी खपलीसारखी हातात आली आणि खाली गंजाचं छान वाढलेलं बिऱ्हाड.

संध्याकाळी चहा घेताना खडूच्या रेघा नीट पाहिल्या. मॅटखाली. लेगगार्डच्या क्लॅम्पखाली. सीटच्या रेग्झिनची कड जिथे पत्र्यावर बसायची तिथे. हँडलखाली एक बारीक तांबडं वळं होतं; ते काय, कळेना. मग आठवलं, दर दसऱ्याला आई झेंडूची माळ तारेनं बांधायची आणि तार पुढच्या दसऱ्यापर्यंत तशीच राहायची. आणि सगळ्यात जास्त गंज कव्हरच्या खालच्या कडेला, जिथे पावसाळ्यातली वाफ आत कोंडायची.

पुढच्या मडगार्डावर मात्र १९९८ पासून एक मोठा ओरखडा आहे. मीच पाडलेला, शिकत असताना, काळाराम मंदिराच्या मागच्या बोळात. त्याला कधी कुणी हात लावला नाही. रंग नाही, मेण नाही, स्टिकर नाही. तिथेही गंज होता, पण पॉलिश पेपरच्या चार घासण्यांत गेला. तो उघडा होता, भिजला तसा वाळला. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि पाणी नुसतं लागून चालत नाही, मुक्कामाला राहावं लागतं. मुक्कामाची सोय आम्ही जागोजागी करून दिली होती, सगळी जपण्यासाठी.

मॅट मी घेतली होती. २००१, पहिला पगार, शालिमारच्या दुकानातून. अण्णांनी तेव्हा ‘कशाला?’ एवढंच म्हटलं होतं. पण दर दिवाळीच्या आधी ते ती काढायचे, उलटी करून गच्चीवर वाळत टाकायचे आणि तळ कोरड्या फडक्यानं पुसायचे. मला ती म्हाताऱ्या माणसाची स्वच्छतेची खोड वाटायची. गुडघे गेल्यावर त्यांचं वाकणं थांबलं. ते काम आता दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. घरात दुसरं कुणी म्हणजे मीच होतो.

बरं, चेतकचा तळ म्हणजे नुसती पाय ठेवायची पाटी नव्हे. मोटारसायकलला नळ्यांचा सांगाडा असतो, वरचे पत्रे काढले तरी गाडी गाडीच राहते. चेतकला असा वेगळा सांगाडा नाही. दाबून घडवलेला पत्रा हाच तिचा कणा आणि हीच तिची कातडी. पुढचं चाक आणि मागचं इंजिन यांना धरून ठेवणारा पूल तो तळच. त्याला भोक पडलं की प्रश्न दिसण्याचा राहत नाही.

तिसऱ्या दिवशी मी उत्साहात ऐंशी नंबरचा पेपर घेऊन घासायला बसलो. दहा मिनिटांत मागून आवाज आला.

"थांब. तेल घासून पत्र्यात भरतोयस."

टू-स्ट्रोक गाडी ही. वीसेक वर्षं पेट्रोलमध्ये तेल मिसळून पाजलेलं, त्याचा चिकट थर मागच्या सगळ्या पत्र्यावर. तो न काढता घासलं की ग्रीस ओरखड्यांत जाऊन बसतं आणि मग कोणताही प्रायमर धरत नाही. म्हणून आधी तेलकटपणा काढायचा, मग साबण, मग पाणी, आणि घासणं त्यानंतर. मी सगळं केलं. हात फिरवून पाहिला, स्वच्छ वाटलं. अण्णा खुर्चीतून उठले. त्या दिवशी पहिल्यांदाच. तांब्यानं डिकीवर पाणी ओतलं आणि म्हणाले, "बघ."

पाणी सरळ एका पडद्यासारखं खाली आलं, आणि मग मधे एका जागी त्याला छिद्र पडलं. छिद्र मोठं होत गेलं, कडेला थेंब गोळा झाले, रुपयाएवढी जागा कोरडी उघडी पडली. बाकीच्या पत्र्यावर पाणी पातळ, अखंड, काचेसारखं.

"पाणी फाटलं तिथे तेल आहे. परत पूस."

खात्यात याला वॉटर ब्रेक म्हणायचे. ‘पाणी फाटणं’ हे अण्णांचं. त्या एका डिकीसाठी मी पाच वेळा पुसलं. पाचव्या वेळी पाणी वरपासून खालपर्यंत एकसंध उतरलं आणि मी उगाचच इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून. विमान पुसणं म्हणजे काय ते मला पंचेचाळिसाव्या वर्षी जिन्याखाली कळलं.

मग ग्राइंडरला वायर ब्रश लावला. गॉगल, मास्क, कानात बोळे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ पोटात जायला नको. शिवाय ब्रशच्या तारा सुटून सुईसारख्या उडतात. एक शर्टातून आत आली. दिवस मावळेपर्यंत पुढची सगळी ढाल उघडी झाली. इतका पांढरा, इतका जिवंत पत्रा! मी हातमोजा काढला आणि घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा हात फिरवला. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव आहे शेवटी. प्रायमर सकाळी मारू म्हटलं.

त्या आठवड्यात नाशिकला थंडी कडक होती, पहाटेचा पारा दहाच्या खाली जात होता. सकाळी सातला खाली आलो तर ढालीवर दव. आणि दवाखाली माझा हात. खरंच हात. पाची बोटं, तळव्याचा उंचवटा, आणि अंगठ्याच्या ठशातल्या रेषा मोजता येतील इतक्या स्पष्ट, फिक्या नारिंगी रंगात. घामातल्या मिठानं रात्रभरात काम केलं होतं. बाकी पत्र्यावरही किंचित तांबूस झाक होती, पण हात ठळक, पोलीस ठाण्यातल्या कागदावर घेतात तसा.

अण्णांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. "सही केलीस," म्हणाले.

उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी झाकायचा, हे एक. उघड्या हातानं शिवायचं नाही, हे दुसरं. आणि नाशिकच्या हिवाळ्यात सकाळी दहाच्या आत कशालाही हात घालायचा नाही, हे मला निफाडच्या मेव्हण्यानं सांगितलं. तो द्राक्षवाला, त्यामुळे दवाचं गणित त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. धुकं पडलं की बागेवर रोग येणार म्हणून तो रात्री उठून बाहेर बघून येतो. गाडी बघायला आला आणि उकिडवा बसून म्हणाला, "दाजी, आम्ही तर लोखंड मुद्दाम बुडवतो." बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बागेवर फवारायचं औषध, करताना चुना पुरेसा पडला की नाही हे बघायला विळ्याचं पातं त्यात बुडवायचं. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद, म्हणजे त्यातलं तांबं, मोकळं आहे, आणखी चुना घाला. लोखंड स्वतः विरघळतं आणि तांब्याला अंगावर बसवतं. दुसऱ्यासाठी झिजायची लोखंडाला आवडच दिसते.

ब्रशनं वरचा गंज गेला तरी खड्ड्यांतला काळा गंज निघत नाही. त्यासाठी बाटलीतलं औषध असतं, रस्ट कन्व्हर्टर. यात दोन घराणी आहेत. एकात फॉस्फरिक ॲसिड, ते गंजाचं फॉस्फेट करतं. दुसऱ्यात टॅनिन, ते गंजाला पकडून काळंभोर, घट्ट करून टाकतं. टॅनिन वाचलं आणि मला आजीची सहाण आठवली. हिरडा टॅनिननं भरलेला असतो. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग, हे कापड रंगवणाऱ्यांना आणि शाई करणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होतं. लेकीला हे सांगितल्यावर ती स्वस्थ बसेना. हिरड्याची पूड उकळली, गार केली आणि फाटकाच्या गंजक्या बिजागरीला फासली. बघता बघता तांबड्याचं जांभळं, मग काळं. ती आनंदानं ओरडली. बायकोनं मात्र ते पातेलं स्वयंपाकघरात परत घेतलं नाही.

गाडीला दुकानातलंच फॉस्फरिकवालं लावलं, डब्यावर लिहिलं होतं तसं नंतर धुऊन, वाळवून. एक सांगतो, या बाटल्यांवर फार विश्वास टाकू नये. पापुद्रे सुटलेल्या गंजावर ओतलं तर ते वरच्या पापुद्र्यावरच खर्च होतं, खाली सगळं पूर्वीसारखं चालू. आणि भोक तर भोकच राहतं.

भोकासाठी छोटा हत्ती करून सातपूरला गेलो. वेल्डर वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलणं मोजकं. मी घरून पत्र्याच्या पन्हाळीचा उरलेला तुकडा नेला होता, चांगला चकचकीत, काटकसर म्हणून. त्यानं तो नखानं खरवडला आणि बाजूला टाकला. "जीआय आहे. जस्ताचा धूर होतो. रात्री थंडी वाजून ताप भरंल, तुम्हालाबी अन् मलाबी." मग स्वतःच्या ढिगातून अठरा गेजचा साधा, बिनजस्ताचा सीआर पत्रा काढला. कापायच्या आधी त्यानं ढालीपासून सीटखालपर्यंत एक लोखंडी पट्टी आडवी टाचून घेतली. ती कशाला, असं मी विचारलं. "तळ कापला की गाडी घडीच्या खुर्चीसारखी मिटंल. मग सरळ करत बसा."

वेल्डिंग त्यानं सलग केलं नाही. इथे एक टिपका, तिथे एक टिपका, मग तिसरीकडे. सलग ओढलं की पातळ पत्रा तापून पापडासारखा फुगतो. टिपक्यांमधल्या काळात तो मोबाइलवर मॅच बघत होता. आधी मला राग आला. मग कळलं, पत्रा गार होण्याची वेळ तो षटकांत मोजत होता.

तळ उलटा केल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. खालच्या बाजूला आडवी पोकळ पट्टी असते, तिची दोन्ही टोकं चिखलानं लिंपून बंद झाली होती. पूर आला की नाशिककर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत पाणी लागलं यावर दोन दिवस बोलतात. या चिखलालाही तसे थर होते, एकेक पावसाळ्याचे. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायची वाटच नव्हती. तारेनं कोरून मी तो सगळा बाहेर काढला. चहाच्या कपभर निघाला.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते भराभरच झालं. दुपारच्या उन्हात इपॉक्सी प्रायमर, दोन हात. अण्णांना करडा रंग पाहून चुकल्यासारखं वाटलं. त्यांच्याकडचा प्रायमर पिवळट हिरवा असायचा, झिंक क्रोमेट. गंज रोखण्यात त्याचा हात धरणारं फार कमी, पण त्यातलं क्रोमियम कॅन्सर करणारं. त्यांच्या कामाच्या शर्टांच्या बाह्यांवर ते पिवळे डाग मी लहानपणी पाहिले आहेत. त्याबद्दल ते फार बोलत नाहीत. मीही विचारत नाही.

प्रायमरवर पुट्टी, गरज होती तेवढीच, पातळ. तिच्यावर काळ्या स्प्रेचा हलका शिडकावा मारायचा आणि कोरड्या पेपरनं घासायचं. उंचवट्यावरचं काळं जातं, खड्ड्यातलं राहतं, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे खड्डे आपण होऊन हात वर करतात. पेंटर हे बघायला आला तेव्हा त्याच्याशी माझा वाद झाला. तो पुट्टीवर वॉटर पेपर मारायचा म्हणत होता, सगळेच मारतात. पुट्टी पाणी पिते आणि वरून रंग मारला की ते आत कोंडतं, असं माझं म्हणणं. तो हसला. "साहेब, गाडी विकायची आहे का ठेवायची?" ठेवायची म्हटल्यावर म्हणाला, "मग कोरडं घासा. पण घासणार तुम्ही." घासलं. चार दिवस.

रंग निळाच. रंग बदलायचा तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद आली, पण ते सोडा, दुसरा रंग कुणाच्या मनातही नव्हता. प्रश्न एवढाच, की कुठला निळा? उन्हानं सगळ्या गाडीचा वेगवेगळा झाला होता. शेवटी मागची नंबरप्लेट काढली तर तिच्याखाली आयताकृती कोरा निळा, १९९३ मधला. तेवढी जागा पेंटरनं मोबाइलवर फोटो न काढता, बॉडीच घेऊन जाऊन जुळवून आणली. त्याबद्दल त्याला मानलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रंगवलेली बॉडी घरी आली. बायकोनं नवी मॅट आणून ठेवली होती, ती अजून गुंडाळलेली कपाटावर आहे. मला पोकळ्यांमध्ये मेणाचा स्प्रे मारायचा होता. अण्णा म्हणाले, "आधी पाणी." नव्या रंगावर पाणी ओतायला माझा हात धजेना. त्यांनीच तांब्या घेतला, भिंतीला धरून हळूहळू खाली बसले. त्या गुडघ्यांवर. तळाखालच्या पट्टीच्या एका टोकात पाणी ओतलं आणि आम्ही तिघं, मी, ते आणि लेक, दुसऱ्या टोकाकडे बघत राहिलो.

काहीच आलं नाही. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मग एक थेंब, मग दोन, मग करंगळीएवढी धार शहाबादी फरशीवर.

इंजिन अजून गोणपाटात होतं. चाकं गच्चीवर. हँडल पेपरात गुंडाळलेलं.

"चालू आहे," अण्णा म्हणाले आणि उठायला हात पुढे केला.